बंड्या, आपलं जुनं भांडण

सोलापूर
१२ जानेवारी

प्रिय बंड्या,

काय बे, पुण्याला जाऊन बसलास की सोलापूर विसरलासच! इथं सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची धांदल सुरू आहे, नंदीध्वजांचं सगळं ठरलंय आणि गुडघे दुखत असूनही मी सकाळी हुतात्मा पुतळ्यांपाशी जाऊन आलो. १९३१ ची हीच तारीख, इंग्रजांनी आपल्या चौघांना फाशी दिलेली. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. हार घातला आणि एकदम आपलं भांडण आठवलं.

नोव्हेंबर १९८३. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यातल्या जक्कल, सुतार, जगताप आणि मुनव्वर शहा यांना २७ तारखेला येरवड्यात फाशी दिल्याचं पेपरात आलं होतं. टपरीवर मी बोलून गेलो, "आपल्या चौघांनापण तिथंच लटकवलं होतं की." तू चहाचा ग्लास आपटलास आणि महिनाभर माझं तोंड पाहिलं नाहीस. तुझं बरोबरच होतं. पण मला काय म्हणायचं होतं, ते तू ऐकलंच नाहीस, म्हणून आज लिहितोय.

त्या प्रकरणानं आमच्या घरात काय घातलं ते तुला ठाऊक आहे. मामा पुण्यात. त्याचं आंतरदेशीय आलं, की आई आधी वाचून रडायची, मग आम्हाला सांगायची. संध्याकाळी सहानंतर पुण्यात कुणी दार उघडत नाही, म्हणे. आणीबाणीचे दिवस, त्यात अफवांना ऊत. मुळात सुरुवात झाली जानेवारी १९७६ ला, जक्कलच्या टोळीच्याच वर्गातल्या मुलापासून. घर सोडून जातोय अशी चिठ्ठी त्याच्याकडून लिहून घेतली, गळा आवळला आणि वर बापाकडे पैसे मागितले. चिठ्ठी मुलाच्याच अक्षरात! बापानं काय समजायचं? ३१ ऑक्टोबरला जोशींच्या घरात तिघं गेली. १ डिसेंबरला भांडारकर रोडवर संस्कृतचे पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांची पत्नी, दोन नातवंडं आणि घरात काम करणारी बाई. पाच जीव. कुत्र्यांना माग लागू नये म्हणून अत्तर फवारलं होतं. आणि लूट म्हणशील तर मंगळसूत्र, घड्याळ, थोडी रोकड. चित्रकलेच्या कॉलेजातली पोरं होती रे, आपल्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठी, आपल्यासारखीच कटिंग पीत बसणारी. घंटी वाजवून आत येणारी. आईची भीती हीच होती: चोर खिडकीतून येत नाही.

मार्च १९७७ ला दहावा खून झाला. नदीत टाकलेलं प्रेत वर आलं, नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं, आणि ती दोरीच त्यांच्या गळ्याला आली. त्यांच्यातलाच एक माफीचा साक्षीदार झाला. सप्टेंबर १९७८ ला सत्र न्यायालयानं फाशी ठोठावली, पुढं हायकोर्टानं कायम केली, सुप्रीम कोर्टानंही हात दिला नाही. पाच वर्षं सगळ्या पायऱ्या चढून मग दोर. या खटल्यात शंका घ्यायला जागा नव्हती, बंड्या, आणि मीही ती घेत नाही.

पण आपल्या चौघांचा खटलासुद्धा कागदावर खुनाचाच होता की! ८ मे १९३० ला मंगळवार पेठेची चौकी जाळली, दोन पोलीस मेले. पुढं मार्शल लॉ. कुर्बान हुसेन तर विशीतला, पेपर चालवणारा. इंग्रज सरकारच्या न्यायाधीशालाही खात्रीच वाटली असेल. कोर्टानं खात्रीनं सांगितलं एवढ्यावर मान अडकवायची म्हटलं, की माझ्या पोटात गोळा येतो, मग समोर जक्कल असला तरी. एवढंच बोलायचं होतं टपरीवर. ते 'आपल्या चौघांना' या शब्दांत बसवलं, ही माझी चूक.

तरी अभ्यंकरांच्या नातवंडांचा विचार आला की हे सगळं बोलणं पुस्तकी वाटतं. त्या घराण्यातल्या कुणाला मी हे तोंडावर सांगू शकेन का? नाही सांगू शकणार. तू तेव्हा म्हणाला होतास, "दहा जीव मोज आणि मग बोल." मोजले. अजून मोजतोय.

आई गेली, पण तिनं १९७६ ला बसवून घेतलेली दाराची साखळी अजून आहे. सून हसते, दारात कॅमेरा असताना साखळी कशाला म्हणते. रात्री मी लावतोच. आलास कधी तर घंटी वाजवून थांबू नकोस, बाहेरून हाक मार. तुझा आवाज ओळखून मगच काढेन.

तुझा,
पिंट्या