रणजीचे आकडे असे एकटे छापू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या क्रीडापानावर मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ यांच्या अनेक हंगामांतल्या रणजी धावसंख्या शेजारीशेजारी वाचून आनंद झाला. हल्ली रणजीला एवढी जागा देतो कोण! पण त्या तक्त्यात प्रतिस्पर्ध्याच्या धावाच नाहीत, आणि त्यामुळे वाचकाचा भलताच समज होतो.

विदर्भाच्या रकान्यात नीचांकी म्हणून ७४ दिसतात. तो सामना जानेवारी २०२३ मधला, नागपूरचा. पहिल्या डावात विदर्भ ७४ वर गारद झाला, गुजरातने २५६ केल्या. मग विदर्भाने २५४ केल्या आणि गुजरातपुढे लक्ष्य उरले अवघ्या ७३ धावांचे. आदित्य सरवटेने १७ धावांत ६ बळी घेतले, गुजरातचा डाव ५४ वर आटोपला. भारतातल्या प्रथम श्रेणी सामन्यांत इतक्या तुटपुंज्या धावांचा बचाव त्याआधी कोणीच केला नव्हता. विदर्भाने छाती फुगवून सांगावा असा हा विजय, आणि आपल्या तक्त्यात तो नामुष्की म्हणून जातो!

महाराष्ट्राचे १९४८-४९ याच्या अगदी उलट. पुण्यात काठियावाडविरुद्ध ४ बाद ८२६, त्यात भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. एका डावातल्या सर्वाधिक धावांचा ब्रॅडमनचा तेव्हाचा ४५२ चा विक्रम हाकेच्या अंतरावर असताना पाहुण्यांनी सामनाच सोडला, याची हळहळ आजही वाटते. त्याच हंगामात उपांत्य सामन्यात महाराष्ट्राने ४०७ आणि ६०४ केल्या, तरी ३५४ धावांनी हार. कारण मुंबईच्या ६५१ आणि ८ बाद ७१४! सामना सात दिवस चालला होता. असे डाव आजच्या चार दिवसांच्या साखळी सामन्यांशेजारी नुसते मांडून काय कळणार?

प्रत्येक संघाची दर बळीमागची धावसंख्या काढावी आणि तिला प्रतिस्पर्ध्याच्या तशाच धावसंख्येने भागावे. मार्च २०२४ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या २२४ व ४१८, विदर्भाच्या १०५ व ३६८. दोन्ही संघांचे वीस-वीस गडी बाद. म्हणजे दर बळीमागे मुंबईच्या ३२.१ आणि विदर्भाच्या २३.६५ धावा; भागाकार केला की मुंबईचे गुणोत्तर १.३६. गुजरातविरुद्धच्या त्या सामन्यात विदर्भाचे १.०६ येते, एकापेक्षा जरासेच जास्त. निसटता, पण विजयच. खेळपट्टी कशीही असो, ती दोघांनाही सारखीच असते.

तक्ता पुन्हा छापाल तेव्हा हा एक रकाना वाढवावा आणि साखळी व बाद फेरीचे सामने वेगळे दाखवावेत, ही विनंती.

आपला,
एक रणजीप्रेमी वाचक, पुणे