वळचणीची झालर बदलताना

मा. संपादक,

वडोदऱ्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांची कुजलेली लाकडी झालर, म्हणजे छपराच्या कडेला लटकणारी नक्षीदार फळ्यांची रांग, काढून तिथे पत्र्याची पट्टी ठोकली जाते. खरे तर तीच नक्षी पुन्हा काढता येते.

नमुना सर्वांत कमी झिजलेल्या फळीचा घ्यावा, तोही रंग उतरवल्यावर. रंगाच्या थरांखाली कंगोरे बोथट दिसतात. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये, जाळू तर नयेच. ६ मिमी प्लायचा साचा करावा. सागाची फळी जिगसॉने (अरुंद पात्याच्या विजेच्या करवतीने) रेषेबाहेर २ मिमी सोडून कापावी, मग राऊटर या कोरणाऱ्या यंत्राला साच्याला टेकून फिरणारे बेअरिंगचे बिट (पाते) लावून साच्याबरोबर आणावी. लाकडाचे तंतू उभेच हवेत. आडवे आले तर नक्षीची टोके लहानशा धक्क्यानेही तुटतात. पाडकामातला साग उत्तम, फक्त आतले खिळे आधी शोधा, नाहीतर पाते गेलेच!

फळी बसवण्यापूर्वी मागच्या बाजूला आणि खालच्या टोकांना प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) द्यावा. घाईत हेच राहते, आणि पाणी तिथूनच शिरते. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून दोन फळ्यांत २ मिमी फट ठेवावी. लोखंडी खिळ्यांनी सागावर काळे डाग पडतात. पितळी स्क्रू वापरावेत.

– एक वाचक, वडोदरा