जिताड्याच्या बीजाची नुसती सरासरी नको

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

एकाच दिवशी, एकाच टाकीत जन्मलेल्या जिताडा या खाडीतल्या माशाच्या पिल्लांत महिन्याभरात लहान-मोठी असा उघड फरक दिसू लागतो. दोष बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या खाद्याला दिला जातो. सुरुवात मात्र त्याआधीच झालेली असते. अंड्यातून बाहेर आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लाचे तोंड उघडते. तेव्हा ज्याला रोटिफर (पाण्यातले सूक्ष्म जीव, पिल्लांचे पहिले खाद्य) भरपूर मिळाले, ते किंचित पुढे जाते. त्याचे तोंड मोठे होते आणि पुढचा मोठा घास तेच आधी पकडते. आनुवंशिकतेचा वाटा आहेच. नर-मादीचा नाही, कारण जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो.

यापुढे जिताडा रोहू-कटल्यापेक्षा वेगळा वागतो. तो स्वतःच्या लांबीच्या सुमारे दोन-तृतीयांश लांबीचे भावंड गिळतो. 9 सेंमीचा मासा 6 सेंमीचा खातो आणि आणखी वाढतो. तोंडातून भावंडाची शेपटी लोंबत असलेला मासा हाप्यात (पाण्यात टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात) दिसतो. कधी दोघेही मरतात. खाद्य एकाच कोपऱ्यात टाकले, किंवा गोळी लहानांच्या तोंडात मावत नसली, की ही दरी झपाट्याने रुंदावते.

उपाय प्रतवारीचा, म्हणजे आकारानुसार मासे वेगळे करण्याचा. बीजकेंद्रात दर 3 ते 5 दिवसांनी, हाप्यात दर आठवड्याला. त्या सकाळी खाद्य द्यायचे नाही. पाणी गार असतानाच, तळाला एकसारखी भोके (2.5, 5, 7.5, 10 मिमी) असलेली टोपली अर्धी बुडवून धरायची. लहान पिल्ले आपसूक खाली निसटतात. मासा पाण्याबाहेर काढू नये, खवले खरचटतात आणि मर लागते. मोठे वेगळे झाले की मागे पडलेल्यांतले बरेच सावरतात.

म्हणूनच बीजाच्या (संवर्धनासाठी दिलेल्या पिल्लांच्या) पावतीवर नग आणि सरासरी लांबी एवढेच असून भागत नाही. ‘सरासरी 5 सेंमी’ म्हणजे सगळे 5 सेंमीचे असतील, किंवा 3 ते 8 सेंमीचे मिश्रण असेल. असा मिश्र माल पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या (खाडीकाठच्या खारट जमिनीतल्या) तळ्यात सोडला की नग मोजण्याला अर्थच उरत नाही.

आमची मागणी अशी: अनुदानातून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक खेपेतले 100 मासे पट्टीवर मोजून सर्वांत लहान व सर्वांत मोठी लांबी पावतीवर लिहावी. मोठा लहानाच्या सव्वापटीहून लांब असेल, तर खेप पुन्हा प्रतवारीला पाठवावी. बीजासोबत प्रतवारीच्या टोपल्या आणि किमान तीन हापे अनुदानात धरावेत. दोन हाप्यांत मधल्या आकाराला जागाच राहत नाही.

आपले,
जिताडा संवर्धक, रायगड जिल्हा