वारा वाढल्यावर बूम थांबवण्याचा निर्णय ऑपरेटरचाच हवा

संपादक महोदय,

स्लॅब भरताना वारा वाढला तर बूम पंप, म्हणजे घडीच्या लांब हातावरील (बूमवरील) पाइपमधून काँक्रीट उंचावर पोहोचवणारी पंपगाडी, केव्हा थांबवायचा, हा प्रश्न बहुतेक बांधकामांवर वारा वाढल्यानंतरच विचारला जातो. तोपर्यंत मिक्सर गाड्यांची रांग लागलेली असते, आणि निर्णय त्या रांगेकडे पाहून घेतला जातो. ही पद्धत घातक आहे, म्हणून हे पत्र.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 25 किलोमीटरचा वारा 50 वर गेला की बूमवरचा दाब चौपट होतो. शिवाय खाली उभ्या असलेल्या सुपरवायझरला जाणवणारा वारा आणि बूमच्या टोकाचा वारा एक नसतो. मोकळ्या जागेतही 10 मीटरपेक्षा 40 मीटर उंचीवर तो साधारण एक पंचमांशाने अधिक असतो, आणि दोन उंच इमारतींमधून घुसणारा झोत कोणत्याही अंदाजात बसत नाही. 125 मिलिमीटर व्यासाच्या पाइपमध्ये दर मीटरला सुमारे 29 किलो काँक्रीट असते, म्हणजे 30 मीटर पसरलेला बूम, पाइपचे आणि लोखंडाचे वजन सोडूनही, जवळपास 900 किलो ओझे पेलत असतो. त्यात पंपाच्या प्रत्येक स्ट्रोकचा हिसका असतोच. अशा वेळी बाजूने झोत आला की भार एका बाजूच्या आउटरिगरवर, म्हणजे गाडीला आधार देणाऱ्या बाहेर काढलेल्या पायावर, सरकतो, आणि त्याखाली भरावाची माती असेल तर ती खचू शकते.

मात्र गाडी कलंडण्याच्या कितीतरी आधी धोका असतो तो होज, म्हणजे बूमच्या टोकाला लोंबणारी रबरी नळी, धरणाऱ्या कामगाराला. बूमचे टोक थोडेसे हलले तरी जड होज त्याला स्लॅबच्या कडेवरून ढकलू शकतो. होज दोरीने बांधून किंवा आणखी दोन माणसे लावून आवरण्याचा जो प्रयत्न होतो, तो तर मुळीच होऊ नये.

प्रत्येक बूमसाठी वाऱ्याची कमाल मर्यादा उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि लांब बूमसाठी ती सहसा कमी असते. ती ऑपरेटरला तोंडपाठ हवी, आणि वायुवेगमापक कामाच्या उंचीवर बसवून सरासरीऐवजी झोताचा वेग पाहिला जावा. मोठ्या फांद्या हलू लागल्या, तारांतून शीळ ऐकू येऊ लागली आणि छत्री सांभाळणे कठीण झाले, तर वारा ताशी 39 ते 49 किलोमीटरच्या घरात आहे असे समजावे. पण ही खूण सावध होण्यापुरती, मोजणीला पर्याय नव्हे. पंप उलटा चालवून दाब उतरवणे, पाइप रिकामा करणे आणि बूम ठरलेल्या क्रमाने मिटणे याला वेळ लागतो, म्हणून आवराआवर मर्यादा गाठण्याआधीच सुरू व्हायला हवी. विजा चमकत असतील तर वेग कितीही कमी असो, बूम खाली आलाच पाहिजे.

ठेकेदारांना माझी विनंती आहे की पहिला मिक्सर येण्यापूर्वीच तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात: कोणत्या वेगाला काम थांबेल, थांबल्यास स्लॅबचा सांधा (जुने व नंतर भरलेले काँक्रीट जिथे जुळते ती जागा) कुठे घ्यायचा हे संरचना अभियंत्याकडून, आणि अर्धवट राहिलेल्या गाड्यांचा खर्च कोण सोसणार. रिमोट ज्याच्या हातात आहे त्याचा ‘थांबा’ हा शब्द अंतिम असावा, आणि त्यासाठी त्याची मजुरी कापली जाणार नाही हेही त्याच कागदावर असावे.

– बांधकाम सुरक्षेच्या क्षेत्रातील एक वाचक