रुग्णाशी नातं

प्रिय मित्रा,

तुझा परवाचा मेसेज वाचला. ‘किती विचार करशील? ये आता.’ एवढाच होता. फोनवर उत्तर द्यायला गेलो असतो तर पाच मिनिटांत आपण जुन्या आठवणींत शिरलो असतो आणि मुद्दा राहून गेला असता, म्हणून पत्र लिहितोय. लांबेल बहुतेक. निवांत वाच.

आधी एक सांगून टाकतो. मला तुझ्याकडे जर्मनीला जायचंय. घरातसुद्धा मी हे इतकं उघड अजून बोललेलो नाही. पगार जास्त आहे हे खरं, पण खरं कारण ते नाही. तिथल्या कंपनीच्या मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, आणि आम्ही त्यावर चाळीस मिनिटं बोललो. पवनचक्कीच्या गिअरबॉक्समधली बेअरिंगं वीस वर्षं टिकावीत असा हिशोब करून बसवतात. तरी काही ठिकाणी ती दोन-तीन वर्षांतच फुटतात. पोलाद कापून, आम्ल लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं की आत पांढऱ्या रेघांच्या भेगा दिसतात. त्या का पडतात यावर अजून एकमत नाही. कोणी वंगणातून सुटलेल्या हायड्रोजनला दोष देतं, कोणी शाफ्टमधून जाणाऱ्या विजेला, कोणी रोलरच्या घसरण्याला. समोरची बाई म्हणाली, ‘तुम्हाला काय वाटतं?’ चौदा वर्षं मी दुसऱ्यांनी ठरवलेल्या मापांची ड्रॉइंगं काढतोय. मला काय वाटतं, हे कामाच्या ठिकाणी कोणी पहिल्यांदाच विचारलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

तेव्हा जावंसं वाटतंय का, हा प्रश्न सुटलेला आहे. बाकीचं सुटत नाहीये.

कागदपत्रांचं तू म्हणालास तसंच आहे, त्यात अडण्यासारखं काही नाही. माझी पदवी अनाबिनच्या, म्हणजे परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत मिळाली, ब्लू कार्डला, म्हणजे उच्चशिक्षितांच्या कामाच्या परवान्याला, पगार पुरतोय, आणि हिला तिथे पहिल्या दिवसापासून कामाची परवानगी आहे. फक्त परवानगी आणि काम यांत अंतर आहे. फिजिओथेरपी तिथे नियंत्रित व्यवसाय आहे. पदवीला राज्याची मान्यता हवी आणि भाषा बी-टू पातळीची, म्हणजे कामात सहज बोलता येण्याइतकी हवी. म्हणजे दीड-दोन वर्षं अभ्यास, आणि तोवर आज ज्या बाईच्या हाताखाली तीन माणसं शिकतात ती घरी बसणार. ती म्हणते, ‘चालेल, शिकेन.’ ती शिकेल याबद्दल मला शंका नाही. पण ‘चालेल’ म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती, हे मी पाहिलंय.

लेकीने तर आधीच सुरुवात केली आहे. तिची एक वही आहे, पानाच्या डावीकडे जर्मन, उजवीकडे मराठी. जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी हे कळल्यापासून तिला फार मजा वाटते आहे. वहीत तिने लिहिलंय, ‘ती सूर्य उगवली.’ खाली सूर्याचं चित्र, त्याला दोन वेण्या. मी ते पान मोबाईलमध्ये काढून ठेवलंय.

पण ती नऊ वर्षांची आहे आणि गोम तिथेच आहे. तिथे बहुतेक राज्यांत चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात, कोणी विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमला, कोणी दुसऱ्या शाळेत. आम्ही पोहोचणार नेमके त्या वळणावर. वर्गात बोलता येत नाही म्हणून तिची गणिताची हुशारी कोणाला दिसलीच नाही तर? तू म्हणालास नंतरही बदलता येतं. येतं, मी वाचलंय. बवेरियासारख्या राज्यात ते जास्त कडक आहे, दुसरीकडे आईवडिलांच्या मताला अधिक वजन आहे. पण वर्षभर मुकी बसणारी मुलगी स्वतःबद्दल काय समजून घेईल, त्याचा नियम कुठल्या राज्याने केलेला नाही. तुझा मुलगा तिथेच जन्मला. त्याला भाषेविना या फाटकातून जावं लागणार नाही, म्हणून तुला हे कदाचित माझ्याइतकं टोचत नसेल.

आता तुझ्या त्या वाक्याबद्दल. ‘पाच वर्षं बघ, नाही जमलं तर परत ये.’ हे वाक्य मी स्वतःशी इतक्यांदा म्हटलं की शेवटी कागद घेऊन बसलो. पाच वर्षांनी काय काय होतं ते लिहून काढलं. ब्लू कार्डवाल्याला कायम वास्तव्याचा परवाना त्याआधीच मिळतो, थोडीफार भाषा येत असेल तर सत्तावीस महिन्यांत आणि बी-वन, म्हणजे बी-टूच्या खालची पातळी, असेल तर एकवीस महिन्यांत. पेन्शनचा हक्क लागायला साठ महिने वर्गणी भरलेली लागते, म्हणजे पाच वर्षं. नागरिकत्वाचा अर्ज करायलाही आता पाचच वर्षं, २०२४ च्या जूनपर्यंत आठ होती. आणि लेक तेव्हा चौदा वर्षांची. सगळं एकाच वेळी आपल्याला त्या बाजूला ओढणार. ज्या वर्षी आपण ‘बघू, जमतंय का’ म्हणून थांबून विचार करणार, त्याच वर्षी परतणं सगळ्यांत महाग झालेलं असेल. चौदाव्या वर्षी तिला उचलून दहावीच्या तोंडावर इथल्या शाळेत आणून बसवायचं? मी नाही आणणार. तूही नाही आणणार.

म्हणून मी ते वाक्य सोडून दिलं. जायचं तर राहायला जायचं, असं स्वतःला सांगून मग विचार करायचा. तळ्यात-मळ्यात करत गेलो तर तिथेही धड रुजणार नाही आणि इथलंही सुटेल. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात तेरावं कलम आहे, ते सहज वाचनात आलं. कोणालाही आपला देश सोडण्याचा आणि आपल्या देशात परतण्याचा हक्क आहे, असं एकाच वाक्यात दोन्ही. हक्क दोन्हीकडचा सारखा आहे, पण पहिला वापरायला एक सही पुरते. दुसरा वापरायला घरातल्या सगळ्यांचं आयुष्य पुन्हा उपटावं लागतं.

गेल्या वर्षी तुझा पासपोर्ट रद्द होऊन परत आला, त्या संध्याकाळचा फोन आठवतो? जर्मनीने २०२४ मध्ये दुसरं नागरिकत्व ठेवायला मोकळीक दिली, पण आपल्या राज्यघटनेचं नववं कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा ती देत नाही. परक्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की इथलं गेलं. तू म्हणालास, ‘ओसीआय आहे ना, व्हिसाची कटकट नाही, सगळं तेच.’ परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड. मग थोडा वेळ काही बोलला नाहीस. मी पण नाही बोललो. आपण दोघांनी पहिलं मतदान एकाच दिवशी, एकामागे एक उभं राहून केलं होतं. ओसीआयवर ते नाही. शेतजमीन वारशाने मिळाली तर चालते, विकत घेता येत नाही. या गोष्टी रोजच्या जगण्यात लागत नाहीत हे मला मान्य आहे. तरी त्या संध्याकाळी तू गप्प झालास ते जमिनीसाठी नव्हतं.

आता जे लिहायला बसलो होतो ते.

काका बाथरूममध्ये पडले ती रात्र तुला माहीत आहे. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, दोन दिवसांनी तू आलास. एक गोष्ट मात्र मी तुला कधी सांगितली नाही. रात्री दीड वाजता हॉस्पिटलच्या काउंटरवर संमतीचा फॉर्म माझ्यासमोर सरकवला. त्यात एक रकाना होता, ‘रुग्णाशी नातं’. मी लिहिलं, ‘मुलाचा मित्र’. पलीकडच्या माणसाने फॉर्म परत दिला. म्हणाला, घरचं कोणीतरी बोलवा. घरचं कोण? काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तू तिकडे होतास, फोन बंद. काका आत कण्हत होते ते मला काउंटरपर्यंत ऐकू येत होतं. मी नवा फॉर्म मागितला आणि लिहिलं, ‘पुतण्या’. सही केली. खोटं लिहिलं आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. पहाटे त्यांना शुद्ध आली तेव्हा ते आधी तुझं नाव घेऊन मला हाक मारत होते. मी ‘ओ’ दिली.

हे उपकार म्हणून सांगत नाही. तसं वाटलं तर मला फार वाईट वाटेल. सांगायचं कारण वेगळं आहे. तू नऊ वर्षं तिथे राहू शकलास त्यात तुझी मेहनत आहे, आणि त्यात हेही आहे की इथे ‘पुतण्या’ लिहायला मी होतो. तू तो विचार कधी केला नसशील, कारण मीच तो करू दिला नाही. आता मीच निघालो तर माझ्या आईच्या फॉर्मवर कोण लिहिणार? आणि काकांच्या? आपण दोघंही एकुलते एक. तू मला ‘ये’ म्हणतोस तेव्हा तू माझ्या आईचाच नाही, तुझ्या वडिलांचाही माणूस बोलावून घेतोयस.

तू म्हणशील, आईला घेऊन ये. तेही शोधलं. पूर्वी आईवडिलांना नेणं जवळपास बंदच होतं, आता दार थोडं उघडलंय. १ मार्च २०२४ नंतर ज्याला पहिल्यांदा ब्लू कार्ड मिळालं त्याला आईवडिलांसाठी वास्तव्याचा अर्ज करता येतो. मला केवढा आनंद झाला होता ते वाचून! मग पुढची ओळ वाचली. त्यांचा सगळा खर्च आपण उचलायचा, आरोग्यविमा धरून, आणि त्यात सवलत नाही. सरकारी विम्यात बायको आणि मुलं आपल्याबरोबर येतात, आई येत नाही. पंचावन्न उलटल्यावर बाहेरून येऊन त्या विम्यात शिरणं बहुतेकांना जमत नाही, आणि खासगी कंपनी एकाहत्तर वर्षांच्या, बीपी आणि शुगर असलेल्या बाईला कुठल्या हप्त्यावर घेईल, घेईल तरी का? नाहीतर मग व्हिजिटर व्हिसा. एकशेऐंशी दिवसांत फार तर नव्वद. पाहुणी म्हणून यायचं, पाहुणी म्हणून जायचं.

आणि समज विमाही मिळाला. तिला यायचंय का? विचारलं तर म्हणते, ‘तू जा रे. माझं काय, मी आहे.’ गेल्या रविवारी मी बाहेरच्या खोलीत होतो. ती चष्मा कपाळावर चढवून, मोबाईल डोळ्यांजवळ धरून वीजबिल भरायचा प्रयत्न करत होती. ओटीपी यायचा, तो टाकेपर्यंत वेळ संपायची. तीनदा झालं तसं. मी उठून गेलो तर म्हणाली, ‘तू आत बस. मला एकटीला करू दे.’ चौथ्या वेळी बिल भरलं गेलं. तिने मोबाईल पालथा ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मला जाऊ द्यायची तिची तयारी चालली आहे, माझ्यापेक्षा पुढे गेली आहे. हे बघितल्यापासून मला तिच्या ‘तू जा’ला नुसतं ‘बरं’ म्हणता येत नाही.

कंपनीला मी वेळ मागितला आहे. लेकीचं हे शालेय वर्ष संपल्यावर रुजू होईन, चालेल का, असं विचारलंय. त्यांनी हो म्हटलं तर तेवढ्या महिन्यांत एक गोष्ट उभी करायची आहे आणि ती तुझ्याशिवाय होणार नाही. दोन्ही घरांना मिळून एक माणूस हवा. नुसता कामाला ठेवलेला नाही, तर ज्याला रात्री दीडला फोन केला तर तो निघेल असा. माझ्या मनात माझा आतेभाऊ आहे. त्याच्याशी अजून बोललेलो नाही, कारण हे ओझं कोणावर किती टाकावं याचा अंदाज मला नाही, तुला नऊ वर्षांत आला असेल. त्याशिवाय आपण दोघांनी पाळी लावायची. लेकीला सुट्टीबाहेर शाळा बुडवता येणार नाही, म्हणून उन्हाळ्याचे सहा आठवडे आम्ही इथे. थंडीत तू एकटा, निदान महिनाभर. तुझ्या ऑफिसात जमेल का हे तू आत्ताच विचार, मी आल्यावर नको. आणि काकांशी तू स्वतः बोल. मी जाणार हे त्यांना माझ्याकडून कळू नये असं मला वाटतं.

नाही जमलं, तर मी थांबेन. हे रागाने लिहीत नाही. पांढऱ्या भेगांचं कोडं माझ्यावाचूनही कोणीतरी सोडवेल. मला वाईट वाटेल, बरेच दिवस वाटेल, पण मी थांबेन.

काकांची हाडाची तपासणी येत्या गुरुवारी आहे, मीच नेतोय. रात्री साडेनऊला फोन करतो, तुझे तेव्हा सहा वाजलेले असतील. रिपोर्ट सांगतो, आणि मग थंडीतल्या त्या एका महिन्याचं तू सांग.

तुझाच