रुमालवाल्या मिस्त्रींना

स. न. वि. वि.

मिस्त्री, "नाव-बिव नको हो" असं तुम्हीच म्हणालात म्हणून या पत्रात तुमचं नाव घेत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. तुम्ही दुरुस्त करून दिलेल्या कटरने (झाड कापायच्या चेन-सॉने) काल दुपारी आमच्या वाडीतलं रायवळ आंब्याचं वाळलेलं झाड उतरवलं. पडवीचं एक कौल फुटलं नाही की सुपारीच्या एका पोफळीला खरचटलं नाही. घरातल्या सगळ्यांनी रात्री निवांत झोप काढली, आणि मी उठल्या उठल्या हे लिहायला बसलो.

त्या आंब्याचं प्रकरण तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आलं, ताशी १०० किलोमीटरच्या वरचा वारा घेऊन. श्रीवर्धनच्या वाड्यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. पोफळी मधोमध मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. आमचा आंबा उभा राहिला, पण एका अंगाने चिरला. मग दर पावसाळ्यात थोडा थोडा घराकडे कलत गेला आणि शेवटी वाळला. त्याच्याच खाली वादळानंतर लावलेल्या पोफळी. पोफळ धरायला पाच-सात वर्षं घेते. आमच्या झाडांवर यंदा पहिल्यांदा पोय, म्हणजे फुलोरा, दिसली. मिरगाच्या पहिल्या वाऱ्यात ते धूड त्यांच्यावर आणि पडवीवर येणार, हे पोराटोरालाही कळत होतं. आणि ऐन वेळी कटरने दगा दिला. चालू व्हायचा, जरा रेस दिली की दबायचा, हातातच बंद पडायचा. अर्धवट कापलेल्या फांदीखाली मशीन बंद पडलं की काय होतं, ते झाडावर चढणाऱ्या गड्याला विचारावं.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेलो त्यांचीही नावं घेत नाही. एकाने मागे "हाही चालतो" म्हणत स्वस्तातला एअर फिल्टर बसवून दिला होता. त्याच्याकडेच पुन्हा मशीन नेलं, तर दोरी दोनदा ओढून म्हणाला, "पिस्टन गेला." पिस्टन त्याने पाहिलाच नव्हता! दुसऱ्याने झाकण काढलं, मशीन तसंच उघडं काउंटरवर ठेवलं आणि नवीन मॉडेलचं पत्रक माझ्यापुढे सरकवलं. शेजारी ग्राइंडर चालू होता. त्याची सगळी धूळ कार्बोरेटरच्या, म्हणजे जिथून इंजिनात हवा आणि पेट्रोल जातं त्या भागाच्या, उघड्या तोंडावर बसत होती. मी म्हटलं, "अहो, झाका तरी." तो हसला. ते हसणं मला अजून टोचतं. शेतकऱ्याला काय कळतंय, असं त्यात स्पष्ट होतं.

तुम्ही मात्र आधी बाहेरचा भुसा ब्रशने झाडलात. चोक ओढून हवेची वाट बंद केलीत, मगच झाकणाला हात लावलात. फिल्टर उजेडाकडे धरून बघितलात. त्याला कुठे भोक नव्हतं. मग कार्बोरेटरच्या तोंडात करंगळी फिरवून माझ्यापुढे धरलीत. तिच्यावर तेलात कालवलेला बारीक, तपकिरी भुसा होता. "जाळी धड आहे, पण कडा बसतच नाही. मशीन बाजूने हवा ओढतंय." एवढंच बोललात.

तुमच्याकडे भंगारात काढलेलं त्याच मॉडेलचं मशीन होतं. त्याचा नायलॉनचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन तुम्ही उन्हात ठेवलात. तो खडखडीत वाळेपर्यंत आमचं मशीन उघडंच राहणार होतं. बाहेर रस्त्यावर डंपर चालले होते, शेडमध्ये धूळ येत होती. खिळ्याला तेलकट चिंध्या लटकत होत्या. तुमचा हात तिकडे गेला आणि मधूनच मागे आला. मग तुम्ही खिशातून स्वतःचा रुमाल काढलात. पांढरा, निळ्या काठाचा, इस्त्रीची घडी न मोडलेला. तो उलगडलात, कार्बोरेटरच्या तोंडावर नीट बसवलात आणि कडेने बोटाने दाबून घेतलात. तेलाचा डाग लगेच वर आला.

मी म्हटलं, "अहो, खराब होईल."

"रुमाल धुता येतो," तुम्ही म्हणालात आणि पुढच्या कामाला लागलात.

मिस्त्री, पैसे किती वाचले याचा हिशेब मी घरी केला, पण मनात राहिलाय तो रुमाल. मशीन माझं, झाड माझं, आणि तुमची-माझी ओळख जेमतेम तासाभराची. एका चिंधीने काम भागलं असतं आणि मला कधी कळलंही नसतं.

मग सायलेन्सर उतरवून, आतल्या भोकातून बॅटरी मारून तुम्ही मला पिस्टन दाखवलात. उभे ओरखडे नव्हते, रिंगही जागेवर होती. ज्या पिस्टनचं श्राद्ध आधीच घातलं गेलं होतं तो धडधाकट निघाला. कार्बोरेटरची बारीक भोकं तेवढी भुशाने भरली होती.

फिल्टर वाळेपर्यंत तुम्ही जे सांगितलंत ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. हल्लीच्या मोटरसायकलच्या इंजिनात तेल खाली वेगळं असतं. कटरमध्ये पेट्रोल, ऑइल आणि हवा एकत्रच आधी क्रँकच्या बेअरिंगवरून जातात आणि मग पिस्टनच्या वर चढतात. म्हणून बाजूने शिरलेला कण आतल्या प्रत्येक भागाला घासून जातो. आणि हे मशीन श्वास घेतं तेही भुशाच्या ढगातच, मिनिटाला १०,००० च्या वर फेरे घेत. फिल्टर नुसता चोंदला तर हवा कमी पडते, प्लग काळा होतो, धूर येतो. ते धुऊन सुटतं. पण बसत नसलेल्या फिल्टरचा घात आतल्या आत चालतो. चेन बोथट असली तर ढलप्यांऐवजी पीठ पडतं आणि ते सगळ्यात आधी फिल्टरमध्ये जातं, हेही तुम्ही सांगितलंत. माडाचं लाकूड धार किती लवकर खातं ते आम्हाला ठाऊक आहे, पण त्याचा इंजिनाशी असा संबंध कोणी जोडून दाखवला नव्हता.

आपल्याकडे हुशार कारागीर कमी नाहीत. समोरच्याची वस्तू आपलीच समजून हाताळणारे मात्र फार थोडे. उघडून बघितल्याशिवाय निदान करायचं नाही, बघितलेलं गिऱ्हाइकालाही दाखवायचं, न बिघडलेल्या भागाचे पैसे लावायचे नाहीत. यासाठी कुठलं सर्टिफिकेट लागत नाही. अशा माणसांच्या भरवशावरच आमच्यासारख्यांची शेती-वाडी चालते. फवारणीचा पंप, ग्रासकटर, पाण्याचं इंजिन, सगळं कोणाच्या तरी सचोटीवर उभं असतं. तुमच्या शेडमध्ये शिकणारा पोरगा तुमच्या हाताकडे टक लावून बघत होता. त्याला बघून बरं वाटलं.

मजुरी सांगितलीत ती ऐकून मी पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा तेवढीच सांगितलीत. जास्त दिलेले परत केलेत. आता एक गोष्ट मात्र परत करायची नाही. वाडीतला पहिला रोठा (आमची श्रीवर्धनी सुपारी) उतरला की तुमच्याकडे पाठवणार आहे. आणि आमच्या पाखाडीतले काही जण आपापले कटर घेऊन तुमच्याकडे यायचं म्हणतायत, त्यातल्या दोघांना "पिस्टन गेला" असंच सांगितलंय. जरा बघून द्या.

कळावे, लोभ असावा.

आपला,
श्रीवर्धन तालुक्यातला एक बागायतदार