चिमणी पडली, विमान उडालं, नोकरी तेवढी राहिली

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

बारावीचा निकाल लागला आणि आपल्या सोलापुरात सात रस्त्यापासून विजापूर रोडपर्यंत परत ते एव्हिएशन क्लासचे बोर्ड लागलेत बघा, गळ्यात स्कार्फ बांधलेली हसरी पोरगी, मागं विमान, खाली ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. गेल्या वर्षी असाच बोर्ड बघून मी माझ्या पोरीसाठी आत शिरलो होतो. पत्र मोठं झालं तर कापा, पण मधला भाग ठेवा.

विमानाच्या वाटेत येते म्हणून २०२३ ला सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली (त्यावरून किती भांडणं झाली ते तुमच्याच पेपरात वाचलंय) तेव्हापासून विमान येणार, पोरांना गावातच काम मिळणार असं जो तो म्हणत होता, आमच्या टॉवेलच्या कारखान्यात पण जेवणाच्या सुट्टीत हाच विषय. मग जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, नंतर मुंबईचं. क्लासमधल्या मॅडम म्हणाल्या, काका विमानतळ तुमच्या दारात आलंय, आता पोरीला घरी कशाला बसवता. दिवसाला मोजून दोन-चार विमानं येणाऱ्या ठिकाणी अशी किती माणसं लागणार, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. एव्हिएशन आणि हॉस्पिटॅलिटीचा दहा महिन्यांचा डिप्लोमा, फी एक लाख पस्तीस हजार, युनिफॉर्मचे वेगळे. अर्धे भिशीतून उचलले, अर्धे सोसायटीचं कर्ज.

क्लास म्हणजे मोबाईलच्या दुकानावरच्या दोन खोल्या. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या दोन रांगा लावायच्या, मधून ट्रे घेऊन चालायचं, ते विमान. जाळी लावून अंबाडा घालायचा आणि लिपस्टिक नीट लावायची हे मात्र पोरगी पक्कं शिकली. इंग्लिश बोलायला शिकवणार होते ते सर दिवाळीनंतर आलेच नाहीत.

कोर्स संपल्यावर प्लेसमेंट म्हणून जे कॉल आले त्यात एक पुण्याच्या मॉलमध्ये काउंटरचा, अकरा हजार पगार, राहायचं आपलं आपण. मग आम्हीच एका एअरलाईनच्या भरतीला पुण्याला गेलो, पहाटेच्या गाडीनं. तिथल्या बाईंनी उंची मोजली, बारावीचं मार्कशीट बघितलं आणि पाच मिनिटं इंग्लिशमध्ये स्वतःबद्दल बोल म्हणाल्या. पोरगी तिथंच अडकली. डिप्लोमाचं सर्टिफिकेट फाईलमध्ये सगळ्यात वर लावलं होतं, ते त्यांनी पान उलटून खाली केलं, वाचलं पण नाही. बाहेर आल्यावर पोरगी म्हणाली, पप्पा त्यांनी विचारलंच नाही ओ.

तेव्हा चार जणांना विचारून मला जे कळलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. केबिन क्रूला, म्हणजे विमानात प्रवाशांकडं बघणाऱ्यांना, बारावी, वय, उंची आणि बोलणं बघतात, पुढचं ट्रेनिंग एअरलाईन स्वतःच देते, बाहेरचा डिप्लोमा लागतोच असं नाही. ग्राउंडचं, म्हणजे विमानतळावरच्या कामाचं पण तसंच. आमच्या गल्लीतला एक पोरगा दहावी पास, वडलांचा ट्रक चालवायचा, त्याच्या हेवी लायसन्सवर त्याला विमानतळावर रॅम्प ड्रायव्हर, म्हणजे विमानाजवळच्या गाड्या चालवायला, घेतलं, आणि माझी पोरगी डिप्लोमा घेऊन घरी. हसावं का रडावं कळंना.

पायलट आणि विमान दुरुस्तीचं इंजिनियरिंग हे खरं ट्रेनिंग, त्याला डीजीसीएचं (सरकारचं विमान खातं) लायसन्स लागतं आणि शाळा डीजीसीएच्या यादीत असावी लागते, यादी त्यांच्या वेबसाईटवर आहे. पण पायलटला बारावीला फिजिक्स मॅथ्स, क्लास वन मेडिकल, दोनशे तास फ्लाइंग आणि खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या पुढं, वर टाईप रेटिंगचे, म्हणजे ठराविक जातीचं विमान चालवायच्या ट्रेनिंगचे वेगळे. आणि एवढं करून पण लायसन्स म्हणजे नोकरी नाही. इंडिगो नि एअर इंडियानं २०२३ ला मिळून जवळपास हजार विमानांची ऑर्डर दिली म्हणून क्लासवाले तोच आकडा फळ्यावर लिहितात, पण २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली आणि त्याच २०२३ ला गो फर्स्ट ही विमान कंपनी बसली, तेव्हा घरी बसलेल्या पायलट लोकांबद्दल ते एक अक्षर बोलत नाहीत.

फी परत मागायला गेलो तर फॉर्मवरची बारीक ओळ दाखवली, ‘प्लेसमेंट असिस्टन्स’. म्हणजे मदत करू, नोकरी देऊ असं कुठं म्हटलंय. बोर्डावर एक, फॉर्मवर एक. कोचिंगवाल्यांनी नोकरीची खोटी हमी देऊ नये म्हणून केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये नियम काढलेत, तरी बोर्ड आहेत तिथंच आहेत. मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय, पाच लाखांच्या आतल्या प्रकरणाला तिथं फी पण नाही, ज्यांचं असंच झालंय त्यांनी पावती, फॉर्म आणि बोर्डाचा फोटो जपून ठेवा.

आणि साहेब, राग मानू नका, या क्लासेसच्या पान भरून जाहिराती तुमच्याच पेपरात येतात. छापायच्या आधी निदान एवढं विचारा की गेल्या बॅचची किती पोरं कुठं लागली आणि पगार किती, लेखी द्या.

पोरगी आता बी.कॉम. करतीय, संध्याकाळी शेजारच्या मॅडमकडं इंग्लिश बोलायला जाते, महिना पाचशे रुपये. पुढच्या महिन्यात परत पुण्याला मुलाखत आहे. या वेळी फाईलमध्ये फक्त मार्कशीट आणि आधार ठेवलंय.

आपला,
एक पालक, अक्कलकोट रोड, सोलापूर